छातीच्या फोटोतली गोल सावली

खेड्यात कुणाचा छातीचा फोटो काढला आणि 'फोटोत डाग निघाला' असे त्याने घरी येऊन सांगितले, की पुढचे कुणाला विचारावे लागत नाही. डाग म्हणजे टीबी. त्याचा पेला वेगळा होतो, मुलीचे जमत आलेले लग्न लांबणीवर पडते आणि तो बिचारा ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर जाऊन पडतो. हा समज अगदीच निराधार आहे, असे मात्र नाही. क्षयाचे सर्वांत जास्त रोगी जगात आज आपल्याच देशात आहेत. तेव्हा फोटोत डाग दिसला की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार क्षयाचा यावा, हे योग्यच आहे. पण या डागांत एक जात अशी असते, की ती पाहून जाणता डॉक्टर क्षणभर थबकतो. वाटोळी, काठ रेखीव, जणू कुणी फोटोवर रुपया ठेवून भोवती रेघ ओढली आहे. या गोल सावलीविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस; वैद्यक हा काही माझा विषय नव्हे. पण 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो' हे जुने उदाहरण वर्गात सांगताना त्याला नेहमी एक पुरवणी जोडावी लागते. दुरून पाहिले तर धुके आणि उडालेली धूळ हीही धुरासारखीच दिसते. म्हणून दिसते आहे तो धूरच आहे ना, हे आधी ठरवायचे आणि मग अग्नीचे बोलायचे. छातीच्या डॉक्टरांचे निम्मे काम हेच असते. ते कसे चालते हे आपल्यालाही थोडेफार कळले, तर दवाखान्यात काय सांगावे आणि काय विचारावे, हे उमगेल.

आधी फोटोचे पाहू. १८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना एका अदृश्य किरणाचा शोध लागला. त्याचे स्वरूप ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी त्याला 'क्ष' म्हटले, आणि तेच नाव राहिले. हे किरण हवेतून सहज जातात, म्हणून हवेने भरलेले फुप्फुस फोटोत काळे दिसते. हाडात ते अडतात, म्हणून फासळ्या पांढऱ्या. पण पाणी, पू, रक्त आणि मांस यांतून ते जवळजवळ सारखेच जातात, आणि ही चारही साध्या फोटोत एकाच भुरकट पांढऱ्या रंगाची दिसतात. भिंतीवरच्या सावलीवरून घागर ओळखता येते. आत पाणी आहे की ताक, हे सावली सांगत नाही. सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

आता या गोल सावल्यांपैकी एक, फारशी कुणाला ठाऊक नसलेली. इंग्रजी वैद्यकात तिला ब्राँकोजेनिक सिस्ट म्हणतात. श्वासनलिकेपासून उपजलेली पिशवी, असा त्याचा अर्थ. आपण तिला नुसती 'उपजत पिशवी' म्हणू.

गर्भ सुमारे चार आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या अन्ननळीच्या पुढच्या अंगाला एक कोंब फुटतो. तो खाली वाढतो, त्याला दोन फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी फांद्या. अशी पालवी फुटत फुटत अख्खे श्वासनलिकेचे झाड तयार होते. हे चालू असताना क्वचित एखादा कोंब मूळ झाडापासून तुटून बाजूला पडतो. तुटला तरी तो वाळत नाही. त्याच्या अंगात श्वासनलिकेचाच गुण असतो, म्हणून तो आतल्या बाजूला चिकट पाणी पाझरत राहतो. खऱ्या श्वासनलिकेतला चिकटा खोकल्यावाटे, घशावाटे निघून जातो. या तुटक्या कोंबाला तोंडच नाही. मग पाणी साठते आणि पिशवी तयार होते. ती सुपारीएवढी असेल, मोसंबीएवढी असेल. कुणाला जन्मभर तिचा पत्ता लागत नाही, तर कुणाचा जीव पाळण्यातच घाबरा करते.

येथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. असे उपजत काही निघाले की आपल्याकडे पहिला आळ आईवर येतो. ग्रहणात विळी धरली, उन्हातान्हात कापूस वेचायला गेली, हे खाल्ले, ते खाल्ले. पण हा कोंब तुटतो तो गर्भाच्या चौथ्यापासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि त्या वेळी पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे धड कळलेलेही नसते. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. विळीचाही नाही.

पिशवी ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तिचा पत्ता. दोन फुप्फुसांच्या मध्ये जी जागा असते, ती जुन्या वाड्यासारखी तीन दालनांची समजा. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे परसू. माजघरात श्वासनलिका, तिला फुटलेला दुभाग, अन्ननलिका आणि हृदय. आपली उपजत पिशवी बहुतेक वेळा सापडते ती या माजघरात, श्वासनलिका जेथे दुभंगते त्या जागेच्या आसपास. कोंब उशिरा तुटला असेल, तर ती फुप्फुसाच्या आत, आणि तेथेही बहुधा खालच्या भागात असते. ओसरीतल्या गाठी निराळ्या घराण्यातल्या. तेथे कधी कधी अशी गाठ निघते की तिच्यात चरबी, केस आणि चक्क दात सापडतात! परसात, मणक्याला लागून, मज्जातंतूंच्या गाठी होतात. हृदयाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला टेकून स्वच्छ पाण्याची एक निरुपद्रवी पिशवी असते, ती हृदयाच्या आवरणाची. म्हणून डॉक्टर समोरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढायला सांगतात. समोरच्या फोटोत तिन्ही दालने एकावर एक पडतात. ओसरी कुठली आणि परसू कुठले, हे बाजूच्या फोटोशिवाय कळत नाही. 'पैसे काढायला दोन-दोन फोटो' अशी कुरकुर आपण करतो, ती या ठिकाणी तरी अन्यायाची आहे.

पण माजघरात राहणारे इतरही आहेत. तेथे लसिकाग्रंथी असतात, आणि क्षयाने, विशेषतः लहान मुलांत, त्या सुजून गोल सावली पाडतात. अन्ननलिकेच्या भिंतीतही अशीच एक उपजत पिशवी होते. ती आपल्या पिशवीची सख्खी चुलत बहीण, कारण दोघींचे मूळ त्याच एका नळीत. नुसत्या पत्त्यावरून त्यामुळे निकाल लागत नाही. पत्त्याबरोबर हकीकत लागते.

क्षयाची हकीकत आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, भूक मरणे, कधी बेडक्यात रक्त. मोठ्या माणसात क्षयाचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाकडे असतो. त्याचे काठ फाटके, आजूबाजूला बारीक ठिपक्यांची पेरणी. उपजत पिशवी याच्या उलट: काठ स्वच्छ, शेजार स्वच्छ, आणि माणूस पुष्कळदा ठणठणीत. सैन्यभरतीसाठी किंवा दुसऱ्याच एखाद्या दुखण्यासाठी फोटो काढला आणि त्यात ही निघाली, असे बरेचदा होते. खरा निवाडा मात्र थुंकीचा. सूक्ष्मदर्शकाखाली, आणि आता सीबीनॅट व ट्रूनॅट या यंत्रांवर, बेडक्यात क्षयाचा जंतू आहे की नाही हे तपासता येते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि औषधेही फुकट मिळतात. नुसत्या फोटोवर सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाणारा माणूस आपल्या आसपास असू शकतो. त्याच्या पिशवीला त्या गोळ्यांनी काहीही होत नाही. यकृताला मात्र होऊ शकते.

हे ऐकून कुणी उद्या सकाळी गोळ्या बंद करील, ही मला भीती वाटते. तसे मुळीच करू नका. मुलांत आणि काही मोठ्या माणसांतही थुंकीत जंतू सापडत नाही, आणि तरी क्षय असतो. डॉक्टर इतर पुराव्यावर औषध देतात, आणि अर्ध्यावर सोडलेले औषध हे न घेतलेल्या औषधाहून वाईट. 'माझ्या थुंकीची तपासणी झाली आहे का? तिच्यात काय निघाले?' एवढा प्रश्न विचारायला मात्र काही हरकत नाही. कुणी शहाणा डॉक्टर त्याने रागावणार नाही.

पुढचा सोंगाड्या म्हणजे फुप्फुसातले गळू. दात किडलेले, दारूच्या धुंदीत उलटी श्वासात गेलेली, किंवा मधुमेह अंगात मुरलेला, अशा माणसाला ते बहुधा होते. सडकून ताप येतो, आणि बेडक्याला अशी दुर्गंधी सुटते की शेजारी बसवत नाही. फोटोत जाड भिंतीचे गोल कडे, त्यात खाली पू आणि वर हवा, मधे पाण्याच्या पातळीसारखी सरळ आडवी रेघ. आता गंमत पहा. उपजत पिशवीत जंतू शिरले आणि तिला श्वासनलिकेकडे तोंड फुटले, तर तिच्यातही नेमकी अशीच रेघ दिसते. त्या दिवशीच्या फोटोवरून दोघांना वेगळे करणे मोठ्या डॉक्टरांनाही जड जाते.

मग कशाने होते? काळाने. गळू औषधाने आठवड्यांत आकसते आणि बहुधा काही महिन्यांत फोटो स्वच्छ होतो. पिशवीतला ताप उतरतो, पू निवळतो, पण गोल कडे त्याच जागी तसेच राहते. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ताप, पुन्हा तोच 'निमोनिया', पुन्हा तीच जागा. येथे जुना फोटो फार मोलाचा साक्षीदार ठरतो. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत तेथेच तेवढीच सावली असेल, तर नवा रोग, कर्करोग वगैरे शक्यता मागे पडतात. आणि आपण त्या फोटोचे काय करतो? खिडकीच्या फुटक्या काचेला लावतो, किंवा ग्रहण पाहायला पोरांच्या हाती देतो. ते डोळ्यांनाही घातक आहे. हल्ली फोटो मोबाइलमध्ये येतो; मोबाइल बदलला की तोही गेला. खरेदीखत जसे जपतो तसा छातीचा फोटो पाकिटासकट, वर तारीख घालून ट्रंकेत ठेवावा.

आता ज्याच्यासाठी हा विषय मराठवाड्यातल्या श्रोत्यांसमोर मांडावासा वाटला, त्या सावलीकडे येतो. दिवाळीनंतर शेते मोकळी झाली की मेंढ्यांचे कळप आपल्या शिवारात उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो. कळपाबरोबर कुत्री असतातच. तीच राखण करतात. कंदुरीला, जत्रेला, आषाढात बकरे कापले जाते. कापताना काळजावर किंवा फोपशावर पाण्याने टचटचलेले पांढरे फोड दिसले, तर ते खाण्याजोगे नाही म्हणून तेवढा तुकडा कापून कुत्र्यापुढे टाकला जातो. टाकणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण एका मोठ्या रोगाचे चक्र त्या तुकड्याबरोबर पुढे सरकते.

त्या फोडात एका पट्टकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढून कृमी होतात. हा कृमी जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. कुत्र्याला त्याचा काही त्रास नाही. ते हुंदडत असते. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. ती गवतावर पडली तर मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या काळजात पुन्हा फोड धरतो. ती कुत्र्याच्या केसांवर, अंगणातल्या मातीत, न धुतलेल्या भाजीवर असली आणि मुलाने त्याच हाताने भाकरी खाल्ली, तर मेंढीच्या जागी माणूस येतो. अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव रक्तावाटे आधी यकृतात जातो. तेथून निसटला तर फुप्फुसात. तेथे पाण्याची पिशवी धरते आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढते. हिला हायडॅटिड म्हणतात. माणसाकडून माणसाला ही होत नाही, त्यामुळे येथेही भांडी वेगळी करण्याचे कारण नाही.

फोटोत हायडॅटिड आणि उपजत पिशवी या जुळ्या बहिणी वाटाव्या इतक्या सारख्या. दोन्ही गोल, रेखीव, पाण्याने भरलेल्या. फरक हुडकायचा तो असा. उपजत पिशवीला माजघर आवडते. हायडॅटिड बहुधा फुप्फुसाच्या आत, आणि कधी एकापेक्षा जास्त. हायडॅटिडचा संशय आला की डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण यकृतातही तशीच पिशवी सापडली तर उलगडा बराचसा झालाच. रक्ताची एक तपासणी आहे. ती होकारार्थी आली तर आधार मिळतो, नकारार्थी आली म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. आणि हकीकत: घरात मेंढ्या आहेत का, कुत्रे आहे का, लहानपण कळपामागे गेले का? हे डॉक्टर विचारायला विसरले, तर आपण सांगावे. कधी ही पिशवी श्वासनलिकेत फुटते. माणसाला एकदम ढास लागते आणि तोंडावाटे खारट पाणी येते. त्यात द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे असतात. त्यानंतरच्या फोटोत सुटलेला पापुद्रा उरलेल्या पाण्यावर तरंगताना दिसतो, तळ्यातल्या कमळाच्या पानासारखा; डॉक्टर लोक या खुणेला कमळाचेच नाव देतात. असे पापुद्रे पडले तर ते ओंगळ म्हणून फेकू नयेत. स्वच्छ बाटलीत घालून दवाखान्यात न्यावेत. त्या बाटलीने पुष्कळ तपासण्या वाचतात.

हा फरक ओळखणे एवढे जरुरीचे का? कारण चुकीची सुई. 'छातीत पाणी आहे' असे समजून कुणी घाईने हायडॅटिडमध्ये सुई खुपसली, तर आतले पाणी छातीत सांडते. शरीर त्या पाण्यावर असे खवळू शकते की अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस मिनिटांत दगावू शकतो. त्यातून वाचला, तरी सांडलेल्या पाण्यातल्या बारीक कणांपासून पुढे छातीभर नव्या पिशव्या धरतात. उपजत पिशवीत सुई गेली तर एवढा उत्पात होत नाही. पण सुईने पाणी काढले तरी अस्तर जागच्या जागी राहते, पिशवी पुन्हा भरते, आणि सुईवाटे जंतू शिरण्याचे भय वेगळेच. म्हणून गोल, रेखीव सावलीत सुई घालण्याआधी ती कशाची आहे याचा अंदाज घेतलाच पाहिजे. दोन्हींचा मुख्य इलाज शस्त्रक्रियेचा, पण ती करण्याची रीत निराळी. हायडॅटिडमध्ये थेंब सांडू नये म्हणून सर्जनला कमालीची दक्षता घ्यावी लागते, आणि औषधाच्या गोळ्या केव्हा द्यायच्या याचाही हिशेब असतो.

या रोगाचे चक्र तोडता येते, हे आइसलँड या मेंढ्यांच्या देशाने दाखवून दिले. तेथे हा रोग इतका माजला होता, की १८६३ साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे त्याचा अभ्यास करायला गेले. त्यांनी लोकांसाठी एक लहानशी पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटली गेली. लांब हिवाळ्याच्या रात्री मोठ्याने वाचन करण्याची त्या लोकांची रीत होती, आणि वाचायला साक्षर माणसे होती. पुढे कायदा आला: कुत्र्यांना जंताचे औषध, आणि मेंढीचे फोड आलेले अवयव पुरायचे किंवा जाळायचे. काही पिढ्यांत रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. आपल्या परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्या-तालुक्याला जनावरांचे दवाखाने आहेत. पाळलेल्या आणि कळपाच्या कुत्र्याला ठरावीक मुदतीने प्राझिक्वांटेल हे जंताचे औषध द्यायचे, आणि फोड आलेले काळीज-फोपसे कुत्र्याच्या तोंडी न देता खोल पुरायचे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. कुत्र्याला हाकलून देण्याची काही गरज नाही. ते नसेल तर कळप लांडग्याच्या स्वाधीन.

लहान मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे वेळ फार थोडा असतो. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेशेजारी बोराएवढी पिशवी असली तरी ती नळी दाबते, कारण नळीच मुळी अरुंद आणि मऊ. बाळ दूध पिताना धापते, श्वास घेताना घरघर करते, कधी निळसर पडते. अशा बाळाला 'बाळदमा' म्हणून महिनोन् महिने औषध चालू राहू शकते. एक विचित्र प्रकार असा, की फोटोत पिशवी दिसतच नाही. दिसते ते एका बाजूचे फुप्फुस वाजवीपेक्षा फुगलेले. दाबलेल्या नळीतून हवा आत जाते पण बाहेर येत नाही, म्हणून ते फुगते. नेमके हेच चित्र आणखी एका कारणाने दिसते आणि ते आपल्याकडे फार घडते. रांगत्या पोराने शेंगदाणा, हरभरा किंवा चिंचोका तोंडात टाकला, हसता-रडताना तो श्वासनलिकेत गेला. तेव्हाही फुप्फुस फुगते, घरघर होते. दोन्हींतला फरक यंत्रापेक्षा आई जास्त चांगला सांगते. पोर कालपर्यंत चांगले होते आणि खाताखाता एकदम ठसका लागून हे सुरू झाले, तर दाणा. जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांपासून कमी-जास्त चालूच आहे, तर उपजत काही. डॉक्टरांपुढे घाबरून गप्प बसणारी आई आणि तिच्या वतीने बोलणारे, पण त्या वेळी घरात नसलेले बाप्ये, हा देखावा सर्वत्र दिसतो. तिला बोलू द्यावे.

बाळाच्या छातीत गोल काळ्या पोकळ्या दिसल्या तर आणखी तीन-चार शक्यता असतात. पडद्याला भोक राहून पोटातली आतडी छातीत चढलेली असतात. जबर निमोनियानंतर हवेचे फुगे राहतात, ते बहुधा आपोआप जिरतात. फुप्फुसाचा एखादा तुकडा उपजतच मधाच्या पोळ्यासारखा असतो. एखाद्या तुकड्याला रक्तपुरवठा थेट महारोहिणीकडून होतो. शस्त्रक्रियेआधी ती रक्तवाहिनी ठाऊक नसेल तर मोठा धोका. या प्रत्येकाचे वर्णन करीत बसत नाही. त्यांचा निवाडा मोठ्या रुग्णालयातच व्हायचा.

तो निवाडा मुख्यतः सीटी स्कॅनने होतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या यंत्रावर १९७१ साली पहिल्या रुग्णाचे चित्र निघाले. हे यंत्र छातीचे काकडीसारखे चकत्यांत चित्र काढते आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा देते: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, चरबी शून्याच्या थोडी खाली, हाड कितीतरी वर. घागरीत पाणी की ताक, हे कळण्याची सोय अशी झाली. पण उपजत पिशवी येथेही हुलकावणी देते. तिच्यातले पाणी दाट, चिकट असेल तर आकडा मांसाएवढा चढतो आणि भरीव गाठ असल्याचा भास होतो. मग शिरेतून रंगाचे इंजेक्शन देऊन पुन्हा चित्र घेतात. ज्यात रक्त खेळते ती गाठ उजळते. पिशवीत रक्त कुठले, तिचा गाभा तसाच मंद राहतो. तरीही शंका राहिली तर एमआरआय, त्यात साठलेला द्रव बहुधा लख्ख पांढरा दिसतो.

शिक्षकांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. तुमच्या वर्गात एखादे मूल असे असते, की दर पावसाळ्यात पंधरा दिवस गैरहजर, कारण 'निमोनिया'. शाळा तपासणीला आरोग्य पथक येते, तेव्हा त्या मुलाचे नाव आपण होऊन पुढे करा आणि निमोनिया दर वेळी एकाच बाजूला होतो का, हे पालकांना विचारून ठेवा. एकाच जागी वारंवार होणाऱ्या निमोनियामागे काहीतरी कायमचे दडलेले असू शकते: पिशवी, अडकलेला दाणा, किंवा क्षयाची गाठ. हजेरीपटातली गैरहजेरी येथे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मोठ्या माणसाच्या छातीत उपजत पिशवी निघाली आणि त्रास काहीच नसला, तर लगेच शस्त्रक्रिया करावी की नजर ठेवावी, याबद्दल डॉक्टरांतही मतभेद आहेत. पुष्कळांचा कल काढून टाकण्याकडे असतो, कारण ती पुढे पिकू शकते, वाढून शेजारच्या नळ्या दाबू शकते, आणि फार क्वचित तिच्यात कर्करोगही होतो. पिकून चिकटलेली पिशवी काढणे जास्त कठीण. आता पुष्कळ ठिकाणी लहान छिद्रांतून दुर्बिणीने ती काढता येते.

काढलेली पिशवी प्रयोगशाळेत जाते, आणि शेवटचा शब्द तेथला. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरावर बारीक केसांची लव हलावी तशी रांग दिसली, भिंतीत कुर्चेचे तुकडे आणि चिकटा पाझरणाऱ्या ग्रंथी सापडल्या, तर तो तुटलेला कोंबच. कुर्चा नाही आणि स्नायूंचे दोन थर आहेत, तर अन्ननलिकेची बहीण. पेशी नसलेले, पापुद्र्यावर पापुद्रे असलेले पांढरे आवरण निघाले, तर हायडॅटिड, आणि मग घरातल्या इतर माणसांची व कुत्र्याचीही चौकशी करावी लागते. हा अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर टाके निघालेले असतात, रोगी गावी परतलेला असतो, पेरणी किंवा वेचणी तोंडावर असते, आणि कागद दवाखान्याच्या खिडकीत पडून राहतो. दवाखाना सोडतानाच अहवाल कोणत्या तारखेला मिळेल हे लिहून घ्यावे, आणि तो आणायला घरातले कोण जाणार हेही तेथेच ठरवून टाकावे.